मुलाचा पगार सुरू झाला, आईचा मुक्काम वाढला: हाउसिंगला काय आणि कधी कळवायचं?

पाऊलवाट

नमस्कार. वेस्टर्न सिडनीत कम्युनिटी हाउसिंगच्या (म्हणजे सरकारऐवजी सामाजिक संस्था कमी भाड्याने देते त्या) घरात नऊ वर्षं राहते. लीज माझ्या एकटीच्या नावावर आहे. घरात मी, वीस वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. मी एज्ड केअरच्या स्वयंपाकघरात आठवड्यातले तीन दिवस काम करते आणि पॅरेंटिंग पेमेंट (मूल सांभाळणाऱ्या पालकांचा सरकारी भत्ता) मिळतं. दर पंधरवड्याला माझे पगाराचे आकडे सेंटरलिंकला, म्हणजे हे भत्ते देणाऱ्या सरकारी कार्यालयाला, वेळेवर देते, आजवर एकदाही चुकलेलं नाही.

आता एकदम दोन गोष्टी झाल्या आहेत.

पहिली मुलाची. तो टेफमध्ये (सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेत) शिकत होता, यूथ अलाउन्स हा तरुणांचा भत्ता होता. ते शिक्षण अर्धवट राहिलं (त्यावर घरात बरंच काही झालं, ते इथे नको) आणि आता एका गोदामात कॅज्युअल म्हणून लागला आहे. आज बरोबर सहा आठवडे झाले. एका आठवड्यात अडतीस तास मिळतात, पुढच्या आठवड्यात बावीस. त्याने स्वतः सेंटरलिंकला सांगितलं, अलाउन्स बंद झाला. मला वाटलं, झालं, कळलं सगळ्यांना. परवा जुनी कागदपत्रं चाळताना लीजबरोबर आलेली पुस्तिका हाती लागली. त्यात लिहिलंय की घरातल्या कुणाच्याही उत्पन्नात बदल झाला तर २८ दिवसांत संस्थेला कळवायचं. ते वाचल्यापासून झोप नाही. दोन महिन्यांनी तो एकवीसचा होईल, त्याने आणखी काही बदलतं का तेही माहीत नाही.

दुसरी आईची. आई व्हिजिटर व्हिसावर तीन आठवड्यांसाठी आली होती. सतराव्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर आहे, डॉक्टर म्हणतात एवढ्यात विमानप्रवास नको. तिकीट पुढे ढकललं, म्हणजे आता एकूण तीन महिने तरी राहील. आज तिला इथे येऊन तेवीस दिवस झाले. मुलगी तिच्याबरोबर खोलीत झोपते, तिचे केस विंचरून देते, डाव्या हाताने जेवायची सवय लावते. आई इथे आहे म्हणून घर भरलेलं आहे. आणि मला मात्र दारावरची बेल वाजली की धस्स होतं, ऑफिसचं कुणी पाहणीला आलं तर काय सांगू.

ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं, गप्प बस, कोण बघायला येतंय, सांगितलंस तर भाडं वाढवतील आणि वर घरही काढून घेतील. त्यांचा हेतू चांगला आहे. पण मला लपवून राहायची सवय नाही आणि या वयात लावूनही घ्यायची नाही. फक्त भीती वाटते. नऊ वर्षांपूर्वी दोन मुलांना घेऊन किती दारं झिजवली तेव्हा हे घर मिळालं, ते मलाच ठाऊक.

म्हणून विचारते. सहा आठवडे होऊन गेले, उशीर झालाच आहे, तर आता सांगितल्यावर काय होतं? मुलाचा पगार कमीजास्त असताना भाडं कसं धरतात? आई पाहुणी आहे, तिचंही कळवायचं का? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

खिडकीपाशी

ताई, आधी एक दिलासा. घरातल्या मुलाला नोकरी लागली म्हणून घर काढून घेत नाहीत. भाडं बदलतं, एवढंच.

सेंटरलिंकला सांगणं आणि हाउसिंगला सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, इथेच बहुतेकांची गफलत होते. सेंटरलिंकची मुदत साधारण १४ दिवसांची, हाउसिंगची तुमच्या पुस्तिकेत आहे ती. सेंटरलिंककडून हाउसिंगला माहिती जाते, पण ज्या माणसाने तशी संमती दिली आहे त्याचीच, आणि तीही प्रामुख्याने सेंटरलिंक काय देतं त्याची. गोदामातला पगार त्यातून कुणी शोधून काढेल आणि आपोआप भाडं बदलेल, असं होत नाही. उद्या सकाळी ईमेल करा. फोन केलात तरी त्यानंतर ईमेल कराच.

निळीशाई

तुमचं लिहिणं वाचून मी उठून आमच्या कपाटातली फाइल काढली. माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी होती, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ सालची गोष्ट. जून महिना, रात्रीचे साडेदहा. दार उघडलं तर लेक उभी. एका हातात बॅग, खांद्यावर तीन वर्षांचा नातू झोपलेला, त्याच्या एकाच पायात बूट. दुसरा बूट कुठे राहिला ते तिलाही सांगता येईना. तिला काही विचारायची ती वेळच नव्हती. बायकोने अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी मी एकच काम केलं, नातवाला बूट आणले.

आता सांगा, लेक माहेरी आली हा ‘घरातल्या परिस्थितीतला बदल’ आहे हे माझ्या डोक्यात यावं कसं? आपल्याकडे लेकीला माहेर असतंच. ती आली म्हणून कुणाला अर्ज करायचा नसतो. तिने सेंटरलिंकला नवा पत्ता दिला, तिचं पेमेंट सुरू झालं. मला वाटलं सरकारदरबारी नोंद झाली. हाउसिंगला सांगायचं मनातही आलं नाही. लपवायचा विचारसुद्धा नव्हता, हे मी आजही कुणाच्याही डोळ्यांत बघून सांगेन.

सात महिन्यांनी भाडं तपासणीचा फॉर्म आला. त्यात प्रश्न होता, घरात कोण कोण राहतं, केव्हापासून. मी खरं ते लिहिलं. लेक, नातू, जून २०१९. आठवड्याने पत्र आलं. लेकीच्या उत्पन्नाचा वाटा धरून आठवड्याला ७१ डॉलर जास्त भाडं बसत होतं, आणि ते ती आली तेव्हापासून लावलं होतं. तीस आठवडे, २,१३० डॉलर. बायको ते पत्र हातात धरून किती तरी वेळ इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती, इस्त्री चालू, कपडा तसाच.

मी ऑफिसात गेलो. आवाज चढवला नाही, फाइल घेऊन गेलो होतो. समोरच्या मुलीने आकडे दाखवले आणि हप्ता बांधून दिला, पंधरवड्याला ४० डॉलर. फेडायला दोन वर्षं लागली. कुणी घर काढलं नाही, कुणी खोटारडा म्हटलं नाही. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. लेकीला तिच्या वाट्याच्या भाड्यावर रेंट असिस्टन्स, म्हणजे भाड्यासाठी सेंटरलिंक देतं ती मदत, मिळू शकत होता. हाउसिंगच्या नोंदीत ती नव्हती, त्यामुळे भाड्यात तिचा वाटा आहे असं दाखवणारा कागद तिच्याकडे नव्हता. पुढचा मिळाला, मागच्या सात महिन्यांचा गेला. म्हणजे न सांगितल्याने भाडं वाचलं तर नाहीच, हक्काचा पैसाही सुटला.

रेंट असिस्टन्सचं नीट समजून घ्या, कारण सरकारी घर आणि आपलं घर यात हाच मोठा फरक आहे. सरकारी घरातल्या भाडेकरूला तो मिळत नाही, कम्युनिटी हाउसिंगमधल्याला मिळतो. म्हणून आपली भाडं काढायची रीत अशी: घरातल्यांच्या उत्पन्नाचा २५ ते ३० टक्के भाग, फॅमिली टॅक्स बेनिफिटचा (मुलांसाठीच्या सरकारी मदतीचा) १५ टक्के, आणि त्यावर रेंट असिस्टन्स पूर्णच्या पूर्ण. रेंट असिस्टन्स जणू आपल्या हातून संस्थेकडे जातो. त्यामुळे तो कमी मिळत असेल किंवा मागायचाच राहिला असेल, तर भुर्दंड आपल्याला.

आता तुमच्या मुलाचं. आपल्या राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये, भाडेकरू आणि जोडीदार सोडून घरातला जो कोणी १८ ते २० वर्षांचा आहे, त्याच्या उत्पन्नाचा १५ टक्के धरतात. २१ पूर्ण झाली की मोठ्या माणसासारखा २५ टक्क्यांपासून पुढे. १८ च्या खालच्या मुलांचं काही धरत नाहीत. म्हणजे तुम्हाला दोनदा बदल दिसणार आहे, एकदा आता आणि एकदा वाढदिवसाला. समजा त्याची सरासरी आठवड्याला ६४० डॉलर आली, कर कापायच्या आधीची. आज त्याचा १५ टक्के म्हणजे ९६. एकविसाव्या वर्षी २५ टक्के म्हणजे १६०. हातात येणाऱ्या पगारावर हिशोब करत बसू नका, मी तेच केलं होतं आणि प्रत्येक वेळी माझा आकडा कमी यायचा.

कॅज्युअल असल्याने एका चांगल्या आठवड्याची पेस्लिप देऊन मोकळं होऊ नका. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या द्या, बावीस तासांच्याही. सरासरी काढा असं ईमेलमध्ये स्पष्ट लिहा. आणि पुढे तास घटले तर तेही लगेच कळवा. लोक पगार वाढला की घाबरत घाबरत सांगतात, पण कमी झाला की सांगायचं विसरतात आणि महिनोन्‌महिने जास्त भाडं भरत राहतात. आमच्या शेजारच्या एका बाईंचा नवरा घर सोडून गेला. लाजेपायी त्यांनी पाच महिने कुणाला सांगितलं नाही, आणि पाच महिने त्याच्या पगारावरचं भाडं आपल्या एकटीच्या पैशातून भरलं. मागचं परत मिळवायला त्यांना फार त्रास झाला. तशी वेळ कुणावर आली असेल आणि हे वाचत असाल तर कृपा करून आजच सांगा. मारहाण झाली असेल तर तेही सांगा, त्यासाठी वेगळी मदत असते.

भाड्याला वरची मर्यादाही आहे. बाजारभावाने त्या घराचं जे भाडं होईल त्याहून जास्त लावता येत नाही. उलट, तपासणीचा फॉर्म भरलाच नाही तर सवलत थांबून तेच बाजारभावाचं भाडं लागू होतं. तेव्हा पाकीट आलं की उघडायचं.

आईंना आराम पडो. मनगटाला वेळ लागतो.

पाऊलवाट

काका, तुमच्या नातवाच्या बुटाशी येऊन थांबले आणि मग पुढचं वाचलं. खूप आभार.

दोन शंका राहिल्या. आईला भारतात फॅमिली पेन्शन आहे, थोडीच आहे. आई कळवली तर तीही माझ्या भाड्यात धरतील का? आणि दुसरं म्हणजे इंग्रजी. किचनमध्ये माझं व्यवस्थित चालतं, पण असलं पत्र लिहायला बसले की हात थांबतो. एखादा शब्द चुकला आणि त्याचा भलताच अर्थ निघाला तर?

उंबरठा

मी सहसा इथे लिहीत नाही. पण ‘गप्प बस, कोण बघायला येतंय’ हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्याही घरात हेच वाक्य होतं.

घर आईच्या नावावर होतं. वडील गेल्यावर तिला एकटीला झेपेना, म्हणून मी माझी भाड्याची खोली सोडून तिच्याकडे राहायला आलो. तिची साखर, तिचे डोळे, रात्रीची इन्शुलिन, सगळं मी बघायचो. चार वर्षं. हाउसिंगला सांगू या का, असं मी दोनदा विचारलं. आई म्हणायची, तुझा पगार धरला तर भाडं किती वाढेल, राहू दे, कोण बघायला येतंय. मी तिचं ऐकलं. तिचंच घर, तिचा शब्द.

आई गेली. तेराव्यानंतर मी ऑफिसात गेलो, घर माझ्या नावावर होईल का विचारायला. त्यांनी स्क्रीनवर बघितलं. त्या घरात राहणाऱ्यांच्या यादीत एकच नाव होतं, आईचं. चार वर्षं मी त्या घरात नव्हतोच, कागदावर.

मग पुरावे जमवत बसलो. लायसन्सवरचा पत्ता, दवाखान्यातली पत्रं, डॉक्टरांनी लिहून दिलं की मुलगा सोबत येतो. त्यावर पुढचा प्रश्न साहजिकच होता: राहत होतात तर चार वर्षं तुमच्या उत्पन्नाचं भाडं कुठे आहे? मला उत्तर नव्हतं. टेनन्ट्स अ‍ॅडव्हाइस या भाडेकरूंना मोफत सल्ला देणाऱ्या सेवेतल्या बाईंनी माझ्यासाठी खूप केलं, त्यांच्यामुळे सामान हलवायला काही महिने मिळाले. घर मिळालं नाही. भाडेकरू गेल्यावर मागच्या माणसाला भाडेकरू म्हणून मान्यता द्यायची सोय न्यू साउथ वेल्समध्ये आहे, पण त्यात नवरा-बायकोची गोष्ट वेगळी आणि मुलाची वेगळी. मुलाला बऱ्याच अटी असतात. नाव यादीत असतं तरी मला घर मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. पण बाजू मांडायला जागा तरी असती.

ताई, तुमच्या मुलाचं नाव यादीत आहे हे चांगलं आहे. ते तसंच खरं राहू द्या. त्याचा पगार लपवलात तर पुढे कधी तुमच्यासाठी किंवा त्याच्यासाठी काही मागायला जाल, बदलीचं घर, बाथरूममध्ये धरायला दांडा, काहीही, तेव्हा पहिल्यांदा फाइलच उघडतात.

शेवटच्या आठवड्यात आईने घराची किल्ली माझ्या हातात दिली होती. ती मी ऑफिसच्या काउंटरवर ठेवली, तेव्हा त्यांनी तिची पावती दिली. त्या पावतीवर माझं नाव होतं. त्या पत्त्यासोबत माझं नाव आलेला तो एकच कागद.

निळीशाई

उंबरठा, काय लिहू. तुम्ही आईचं केलंत, ते कुठल्याही यादीत नसलं तरी झालेलं आहे.

पाऊलवाट, तुमच्या शंका. आईंचं पाहुणी म्हणूनच कळवा. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी घरांत पाहुण्याला २८ दिवसांपर्यंत परवानगी लागत नाही, त्यापुढे राहायचं तर विचारावं लागतं. कम्युनिटी हाउसिंगमध्ये प्रत्येक संस्थेचा नियम थोडा वेगळा असू शकतो, तुमच्या पुस्तिकेत पाहुण्यांचं पान शोधा. तुमचा तेविसावा दिवस आहे, म्हणजे हे पत्र अगदी वेळेत जातंय. येण्याची तारीख, व्हिसा कुठला आणि कधी संपतो, डॉक्टरांचं पत्र, नव्या तिकिटाची तारीख, एवढं द्या. जाणारी तारीख लिहिलेली असली की तात्पुरता मुक्काम आहे हे वेगळं पटवावं लागत नाही. पेन्शनचं त्यांनी विचारलं तर आहे ते सांगा. कायमच्या राहायला आलेल्या माणसाचं परदेशातलं उत्पन्न धरतात, तुमच्या आई तशा आलेल्या नाहीत.

इंग्रजीची काळजी सोडा. सोपी, तुटक वाक्यं चालतात. उलट तीच बरी. मी असं लिहितो: मी अमुक पत्त्यावरची भाडेकरू. माझा मुलगा अमुक तारखेपासून अमुक कामाला लागला. काम कॅज्युअल आहे, तास बदलतात. सगळ्या पेस्लिप जोडल्या आहेत. मला हे आधी कळवायचं लक्षात आलं नाही, आज पुस्तिका वाचून कळवते आहे. थकबाकी निघाली तर हप्ता बांधून द्यावा. एवढं पुरे. उशिराचं कारण खरं आहे तेच लिहा, सजवू नका, आणि दहा वेळा माफीही मागू नका.

समोरासमोर बोलायचं असेल तर दुभाषी मागा. टिस या सरकारी दुभाषी सेवेचा नंबर १३१ ४५०, मराठी दुभाषी मिळतात. ऑफिसलाच सांगा की मला मराठी दुभाषी लावून द्या. आपलं इंग्रजी कामचलाऊ असलं तरी पैशाच्या गोष्टीला दुभाषी घ्यावा. पोराला किंवा पोरीला मधे बसवू नका. स्वतःच्या पगारावरून आईचं भाडं वाढतंय हे त्यालाच भाषांतर करून सांगायला लावणं बरं नाही.

निर्णय चुकीचा वाटला तर त्या संस्थेकडेच आधी फेरविचार मागता येतो. तिथे भागलं नाही तर हाउसिंग अपील्स कमिटी आहे, ती स्वतंत्र आहे आणि पैसे घेत नाही. ट्रायब्युनल, म्हणजे एनकॅट हे राज्याचं न्यायाधिकरण, हा त्यापुढचा आणि वेगळा मामला. तुमच्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

आणि एक, हे विसरू नका: नव्या भाड्याचं पत्र आलं की ते सेंटरलिंकला द्यायचं. भाडं बदललं की रेंट असिस्टन्सचा हिशोब बदलू शकतो. माहिती दोन्हीकडे जायला हवी, इकडची तिकडे आणि तिकडची इकडे.

पाऊलवाट

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात तर काय झालं ते सांगायलाच हवं.

त्याच रात्री ईमेल लिहिली. काकांनी सांगितली तशी, तुटक वाक्यांत. मुलाला सगळ्या पेस्लिप फोनवरून काढायला सांगितल्या. तो गप्प होता. मग म्हणाला, आई, हे माझ्यामुळे झालं का? मी म्हटलं, तू कमवायला लागलास त्याने काही वाईट झालेलं नाही, फक्त सांगायचं राहिलं. ईमेल पाठवताना बोट थरथरत होतं. सकाळी उत्तर आलं होतं, नोंद क्रमांकासहित. तो क्रमांक मी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

चार दिवसांनी भेटायला बोलावलं. दुभाषी फोनवर होत्या. मराठी ऐकल्याबरोबर माझा आवाज सुटला. इतकी वर्षं मी त्या ऑफिसात जाते, पण मला जे म्हणायचं आहे ते पूर्ण म्हटलं असं पहिल्यांदाच झालं.

मुलाची सरासरी खरोखरच ६४० च्या आसपास निघाली. यूथ अलाउन्सवर आधी जे धरलं जात होतं ते वजा करून आठवड्याला ६० डॉलरने भाडं वाढलं. नोकरी लागली त्या आठवड्यापासून ते लावलं, म्हणजे सात आठवड्यांचे ४२० डॉलर थकले. हप्ता त्यांनी स्वतःच विचारला, किती जमेल म्हणून. मी ३० सांगणार होते. मुलगा बाहेर बसला होता, त्याला विचारून येते म्हटलं. तो म्हणाला ६० सांग, माझ्या पगारातून कापून घे, सात पंधरवड्यांत संपेल. मी त्याला बारकाईने बघितलं. टेफ सोडलं त्या दिवसापासून आम्ही धड बोललो नव्हतो.

एकवीस झाल्यावर पुन्हा हिशोब होणार हे ऑफिसातल्या बाईंनी स्वतःहून सांगितलं आणि त्या वेळच्या पेस्लिप मागवतील म्हणाल्या. तारीख आम्ही कॅलेंडरवर लिहिली आहे. वाढदिवसाच्या चौकोनात, खालच्या कोपऱ्यात.

आईचं तर पाच मिनिटांत झालं. डॉक्टरांचं पत्र आणि तिकीट बघितलं, तात्पुरता मुक्काम म्हणून परतीच्या तारखेपर्यंत लेखी परवानगी दिली. पेन्शनचं विचारलं नाही, मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, पाहुण्यांचं उत्पन्न आम्ही धरत नाही.

उंबरठा, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. तिने काही म्हटलं नाही, मुलाला हाक मारून जवळ बसवलं. ज्या बाईंनी मला गप्प बस म्हटलं होतं, त्यांच्याकडे परवा गेले होते. त्यांचा भाऊ वर्षभर त्यांच्याकडे राहतोय, यादीत नाव नाही. त्यांना हे सगळं सांगितलं, दुभाष्याचा नंबर कागदावर लिहून दिला. येत्या मंगळवारी त्यांच्याबरोबर मी जाणार आहे.

नव्या भाड्याचं पत्र काल आलं. आज सेंटरलिंकला पाठवलं.